बाप, मुलगा आणि सहीचा कागद

दादाने ‘ही गॉट गेम’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून तोच पिक्चर पाहिला होता. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तो पुन्हा लावला. या वेळी दादाचा 16 वर्षांचा मुलगा सोबत होता आणि वहिनीही होती. चित्रपट संपला आणि चौघांची चार मतं झाली. दादा बापाच्या बाजूने. वहिनी बापाच्या पूर्ण विरुद्ध. भाचा मात्र तिसऱ्याच गोष्टीवर अडून बसला होता. “आत्या, त्या एजंटचं घड्याळ त्याने घेतलं असतं तर बिघडलं काय असतं? का नाही घेतलं?”

त्याचा प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर शोधायला गेले तेव्हा कळलं की या चित्रपटाबद्दलची निम्मी भांडणं बाप-मुलाबद्दलची नाहीतच. ती अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या नियमांबद्दलची आहेत. आपल्याकडे तसं काही नसल्यामुळे आपण ते नियम ओलांडून थेट भावनेवर जातो, आणि मग “असं कुठे असतं का?” म्हणून मोकळे होतो. म्हणून आधी नियम समजून घेऊ.

त्याआधी गोष्ट थोडक्यात सांगते. दिग्दर्शक स्पाइक ली, साल 1998. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड ही समुद्राकाठची वस्ती आहे. तिथला जीझस शटल्सवर्थ हा देशातला सगळ्यांत गुणी शाळकरी बास्केटबॉलपटू. त्याचा बाप जेक अटिकाच्या तुरुंगात आहे, बायकोच्या मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल. राज्याचा गव्हर्नर ‘बिग स्टेट’ नावाच्या (काल्पनिक) कॉलेजचा माजी विद्यार्थी. तो जेकपुढे सौदा ठेवतो: आठवडाभरासाठी बाहेर सोडतो, मुलाची सही बिग स्टेटच्या कागदावर मिळव, तुझी शिक्षा कमी करतो. पायाला पाळत ठेवणारा पट्टा बांधून जेक बाहेर पडतो. मुलगा त्याचं तोंडही पाहायला तयार नाही. त्याच दिवसांत खेळाडूंचे व्यावसायिक करार जमवून देणारा एक एजंट मुलापुढे महागडं घड्याळ धरतो, आणि मुलगा ते घेत नाही.

आता तो कागद. त्याचं नाव ‘लेटर ऑफ इंटेंट’. ही चित्रपटासाठी रचलेली वस्तू नव्हे. 1964 पासून अमेरिकेत हे पत्र खरोखर चालत होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूने त्यावर सही केली की तो त्या एका कॉलेजचा झाला. बाकीच्या कॉलेजांनी त्याच्या दारात यायचं नाही. सही करून मग मन बदललं तर काही काळ दुसरीकडून खेळण्याची पात्रताच जायची. मुलगा 21 वर्षांच्या आतला असेल तर आईवडील किंवा पालक यांचीही सही लागायची. म्हणजे घरातलं मोठं माणूस या व्यवहारात नियमानेच ओढलेलं होतं.

बदल्यात मुलाला काय मिळे? फी, राहणं, जेवण, पुस्तकं. पगार नाही. आणि इथेच घोडं पेंड खातं: 1973 पासून 2012 पर्यंत ही शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची देता येत असे. वर्ष संपलं की प्रशिक्षक ठरवणार, पुढे द्यायची की नाही. गुडघा गेला, फॉर्म गेला, प्रशिक्षक बदलला, तर गरज सरो वैद्य मरो. मुलगा सही करून बांधला जायचा, कॉलेज मात्र वर्षापुरतंच बांधलेलं. हे कळल्यावर मला तो कागद पडद्यावर वेगळाच दिसू लागला.

आपल्याकडे खेळाचं गणित उलटं असतं. महाराष्ट्रात मूल राज्यपातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. खेळ हा अभ्यासाच्या आणि नोकरीच्या पाठीवर बसून येतो. मुलाने रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर घालवले तर घरातून पहिला प्रश्न येतो, “अभ्यास कधी?” अमेरिकेत कॉलेजच खेळावर बसून येतं. गरीब वस्तीतल्या मुलाला जे दार एरवी कुणी उघडलं नसतं, ते चेंडूमुळे उघडतं. म्हणूनच त्या दारात उभं राहण्यासाठी बाप लेकराला मध्यरात्री कोर्टावर पळवतो, आणि आपल्याला ते वेड वाटतं.

हे दार किती अरुंद आहे? नव्वदच्या दशकात वरच्या श्रेणीत बास्केटबॉल खेळणारी 300 हून जास्त कॉलेजं होती आणि प्रत्येकाला पुरुषांच्या संघासाठी 13 शिष्यवृत्त्या देता यायच्या. म्हणजे चारेक हजार मुलं कोणत्याही वर्षी कॉलेजच्या पैशांवर खेळत होती. 1998 साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सगळ्या संघांनी मिळून नवे खेळाडू निवडले 58, आणि त्यांतले काही परदेशातले. बाकीच्यांतल्या बहुतेकांचं खेळाचं आयुष्य कॉलेजबरोबरच संपायचं, आणि तिथे त्यांना एक डॉलर पगार मिळालेला नसायचा.

पैसा नव्हता असं मात्र नाही. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने 1999 मध्ये, म्हणजे हा चित्रपट आल्यावर पुढच्याच वर्षी, आपल्या मार्च महिन्यातल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा 11 वर्षांचा करार एका वाहिनीशी केला. रक्कम 6 अब्ज डॉलर. प्रशिक्षकांना पगार, वाहिनीला जाहिराती, बुटांच्या कंपन्यांना खप. ज्याच्या उडीवर हे सगळं उभं, त्याला मात्र घड्याळही घ्यायची मनाई.

ही मनाई ज्या शब्दावर टिकली होती तो शब्द म्हणजे ‘हौशी’. आपण हौशी नाटक म्हणतो ना, तोच अर्थ: आवडीसाठी करायचं, बिदागीसाठी नाही. एनसीएएने 1950 च्या दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यामागे एक रोकडी भीती होती. खेळताना जखमी झालेला मुलगा, किंवा मेलेल्या मुलाचं कुटुंब, कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू लागलं तर? तो कामगार नाही, तो आधी विद्यार्थी आहे, असं सांगता यावं म्हणून तो जोडशब्द. अनेक दशकं तो न्यायालयातही उपयोगी पडला.

म्हणून भाच्याला उत्तर असं: 1998 सालच्या जीझसने कॉलेजात खेळायचं मनात ठेवून एजंटचं घड्याळ घेतलं असतं तर तो ‘हौशी’ राहिला नसता, आणि कॉलेजचं दार बंद झालं असतं. चित्रपटात जो येतो तो काहीतरी पुढे करतो. शाळेतला प्रशिक्षक नोटा पुढे करतो. नातेवाइकांना आपला वाटा हवा असतो. मैत्रीण लाला एजंटकडे घेऊन जाते. कॉलेजं पाहुणचार करतात. त्या काळच्या प्रेक्षकाला यातली प्रत्येक वस्तू सापळा वाटत होती, कारण ती सापळाच होती.

भाच्याला ती तशी वाटली नाही, यात त्याचा दोष नाही. मधल्या काळात नियमच बदलले. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. शिक्षणाशी निगडित लाभांवर संस्था मर्यादा घालू शकत नाही, असा तो निकाल होता. लगेच 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची मुभा मिळाली. जाहिरात करा, बुटांच्या कंपनीशी करार करा, चालतं. ऑक्टोबर 2024 मध्ये तो लेटर ऑफ इंटेंटच बंद झाला. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार आता कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांतल्या खेळाडूंसाठी मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आजचा जीझस ते घड्याळ मनगटावर घालून फोटो टाकेल आणि त्या फोटोचेही पैसे घेईल.

चित्रपट फ्रेमभरही बदललेला नाही, पण पाहणाऱ्याच्या डोक्यातला कायदा बदलला. पंचवीस वर्षांपूर्वी लोक विचारायचे, मुलगा मोहाला बळी पडेल का? आता तरुण प्रेक्षक विचारतो, त्याचे कष्टाचे पैसे त्याला का देत नाहीत? मला दुसरा प्रश्न जास्त खरा वाटतो. आणि स्पाइक लीलाही तो तेव्हाच ठाऊक होता असं मी ठामपणे म्हणेन. 1994 सालच्या ‘हूप ड्रीम्स’ या शिकागोच्या दोन मुलांवरच्या माहितीपटात तो स्वतः दिसतो. एका बूट कंपनीच्या शिबिरात जमलेल्या शाळकरी खेळाडूंना तो तोंडावर सांगतो की तुम्ही इथे आहात ते तुमच्यामुळे संघ जिंकतो आणि जिंकलं की शाळेला पैसा मिळतो म्हणून. चार वर्षांनी त्याने तेच गोष्टीत घातलं.

दुसरी वाट होती थेट एनबीएची. 1995 मध्ये केव्हिन गार्नेट आणि 1996 मध्ये कोबी ब्रायंट शाळेतून सरळ व्यावसायिक संघात गेले होते, त्यामुळे ‘कॉलेज की एनबीए’ हा त्या वर्षांतला खराखुरा पेच होता. 2006 पासून ती वाट बंद केली: वय किमान 19 आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. त्या मुलांच्या डोक्यावर किती लोक बसलेले असत हे त्यातून कळतं. संघ, कॉलेज, एजंट, घर, सगळ्यांची घाई वेगवेगळी आणि वेळापत्रक मुलाच्या अंगावर.

जीझसची भूमिका करणारा रे ॲलन नट नव्हता. तो एनबीएत मिलवॉकीच्या संघाकडून खेळत होता. त्याचा अभिनय काहींना ताठर वाटतो. मला तो ताठरपणा शोभला. घरातलं सगळं ओझं वाहणारा, लहान बहिणीला सांभाळणारा, कुणावर विश्वास न ठेवणारा पोर असाच बोलेल, मोजकं आणि नजर चुकवून. इथे एक योगायोग सांगायलाच हवा. चित्रपटातला मुलगा कोनी आयलंडच्या लिंकन शाळेचा. खऱ्या आयुष्यात त्या शाळेतून घडलेला मोठा खेळाडू स्टीफन मार्बरी. 1996 च्या एनबीएच्या निवडीत मिलवॉकीने मार्बरीला घेतलं आणि त्याच रात्री मिनेसोटाशी अदलाबदल करून त्याच्या जागी रे ॲलनला मिळवलं. कोनी आयलंडच्या खऱ्या पोराच्या बदल्यात जो आला, तोच पुढे पडद्यावर कोनी आयलंडचा पोर झाला.

आता बापाकडे येते, कारण खरा जीव तिथे अडकतो.

एक प्रसंग जवळून सांगते. आठवणीतला. जीझस लहान आहे, रात्रीचं कोर्ट, बाप त्याला अंगावर घेऊन खेळतोय. ढकलतो, डिवचतो, घालूनपाडून बोलतो. पोराचा श्वास फुललाय. एका क्षणी तो चेंडू भिरकावून घरी निघून जातो. बाप मागोमाग घरात येतो आणि जेवणाच्या टेबलावरही थांबत नाही. आई मध्ये पडते. ढकलाढकली होते, ती पडते, डोक्याला मार लागतो, आणि उठत नाही. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, इतक्या पटकन? आता वाटतं, घरातले अपघात असेच होतात.

त्या प्रसंगात दादा उठून पाणी आणायला गेला. पाणी घेऊन आला तो प्रसंग संपल्यावर. त्यालाही आठवत असणार की दोन वर्षांपूर्वी त्याने मुलाला जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी भर पावसात फ्री थ्रो मारायला लावले होते, शंभर, आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून. भाचा त्या दिवशी रडला नव्हता. पण त्यानंतर दोन महिने त्याने बापाशी खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दादाचं म्हणणं असं की जेक वाईट माणूस असला तरी त्या आठवड्यात मुलाशी सगळ्यांत सरळ वागणारा तोच आहे. बाकीचे प्रेमाचं नाव घेऊन वाटा मागतात. हा म्हणतो, मला सुटायचंय, सही कर. त्याचा स्वार्थ उघड्यावर आहे. या मताचे खूप लोक मला भेटले, आणि जेक झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनच्या कामाला त्याचं श्रेय द्यावं लागेल. तो माफी मागत नाही, मागायला शिकतो. मुलाचं नाव बायबलवरून ठेवलेलं नाही हे जेक त्याला सांगतो तो प्रसंग पाहा. अर्ल मन्रो नावाच्या खेळाडूला फिलाडेल्फियाच्या मैदानांवर लोक त्या नावाने हाक मारायचे, त्यावरून ते आलं. बापाकडे देण्यासारखी एवढीच वारसाहक्काची वस्तू होती, एका खेळाडूबद्दलचं वेड.

वहिनीचं म्हणणं वेगळं आणि मला ते टाळता येत नाही. ती म्हणाली, “मेली ती बाई. आणि सगळा पिक्चर विचारतोय, नवऱ्याला माफ करायचं की नाही.” आई दिसते ती आठवणींपुरती. लाला स्वतःच्या भवितव्याची चिंता करते तर लोभी ठरते. जेकच्या शेजारच्या खोलीत राहणारी, मार खाणारी वेश्या डकोटा हिची उपकथा अनेकांना लांबण वाटते, आणि मलाही ती तुटक वाटली. स्त्रिया इथे पुरुषांच्या निर्णयाच्या वाटेवर ठेवलेल्या आहेत. ही तक्रार नियम कितीही समजावून सांगितले तरी मिटत नाही. कॉलेजांनी मुलांना लुबाडलं हे खरं, पण त्याने जेकने घरात काय केलं ते हलकं होत नाही. दादा आणि वहिनी दोघंही एकाच वेळी बरोबर होते असं मला वाटतं, आणि चित्रपट चांगला आहे तो याच कारणाने.

गव्हर्नरचा सौदा मात्र बहुतेकांना पटत नाही. खेळाडूसाठी कैदी सोडायचा? मान्य, हे ओढूनताणून आहे. पण त्याकडे थोडं वाढवून काढलेलं चित्र म्हणून पाहिलं तर ते बसतं. खेळाडूच्या सहीसाठी माणसं कुठवर जातात हे दाखवायला लीने सत्तेच्या सगळ्यांत वरच्या खुर्चीवर बोट ठेवलं, एवढंच. संगीताचंही तसंच. एकीकडे पब्लिक एनिमीचं रॅप आणि दुसरीकडे एरन कोपलँडच्या वाद्यवृंदाच्या रचना. काळ्या पोरांच्या रस्त्यावरच्या खेळावर ‘अमेरिकेचं संगीत’ समजलं जाणारं कोपलँड काहींना खटकतं. कोपलँडही ब्रुकलिनचाच. हा खेळ या देशाचं लोकनृत्य आहे असं दिग्दर्शकाला म्हणायचंय, आणि मला ते ऐकू आलं.

शेवट. बाप आणि मुलगा रात्री समोरासमोर खेळतात. बाप जिंकला तर मुलगा सही करणार, मुलगा जिंकला तर निर्णय त्याचा. मुलगा जिंकतो. या सामन्याबद्दल स्पाइक लीने सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे: लिहिल्याप्रमाणे बापाने एकतर्फी हरायचं होतं, पण वॉशिंग्टनने, जो फोर्डहॅम विद्यापीठात असताना बास्केटबॉल खेळलेला, खरोखर बास्केट केले आणि व्यावसायिक खेळाडू असलेल्या रे ॲलनला चकित केलं. ते ठेवून दिलं. म्हणून तिथली दमछाक नाटकी वाटत नाही. दादाने ते पाहताना गुडघ्यावर हात ठेवला होता, दुखऱ्या.

पोलीस जेकला घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी जीझस जाहीर करतो: बिग स्टेट. बापाला हवं तेच. पण सही करून दिलेला कागद बापाच्या हाती नव्हता, त्यामुळे गव्हर्नर शब्द पाळेल याची खात्री नाही. जेक पुन्हा तुरुंगात. अनेकांना इथे अन्याय झाल्यासारखं वाटतं, फसवणूक झाल्यासारखं. कागदाचा इतिहास कळल्यावर मला ते नेमकं वाटलं. त्या काळात प्रौढ माणसं मुलाला जे करत होती, तेच इथे बापाला झालं: तू तुझं सगळं दे, आमचं आम्ही नंतर बघू.

मग जेक तुरुंगाच्या मैदानातून चेंडू भिंतीवरून फेकतो आणि तो चेंडू कॉलेजच्या कोर्टावर सराव करणाऱ्या मुलापाशी येऊन पडतो. भाचा म्हणाला, “हे काय, जादू?” वहिनी काही बोलली नाही, ताटं उचलायला लागली. दादा बराच वेळ पडद्यावरची नावं वर सरकताना पाहत बसला. मग मुलाकडे न बघता म्हणाला, “उद्या सकाळी कोर्टावर जायचं का? मोजायचं नाही. नुसतं खेळू.”

भाच्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “सहा वाजता नको. आठ.”

“आठ,” दादा म्हणाला.